मदत हवी आहे: पुण्यातल्या पीएमपी बसच्या तिकिटासाठी सुट्या पैशांची सोय कशी करावी?

वहिनी धनकवडीहून हडपसरला कामाला जातात, आठवड्याचे सहा दिवस. स्वारगेटला गाडी बदलतात. पहिलीला १०, दुसरीला २०, येतानाही तेवढेच. साधा फोन असल्यामुळे क्यूआर स्कॅन करता येत नाही. सकाळी शंभराची नोट काढली की सुटे नसतात. वाहक उरलेले तिकिटामागे लिहून देतात आणि उतरायच्या गर्दीत ते घ्यायचे राहतात. पास परवडेल का?

उत्तर १
रोजचे ६० होतात, म्हणजे ७० चा दैनंदिन पास नको. मासिक पास १५०० चा, तो बरोबर २५ दिवसांत वसूल होतो. महिन्यात दोन-तीन रजा पडत असतील तर रोखीनेच जाणे स्वस्त. रजा क्वचितच असेल तर पास घ्या. रविवारचा प्रवास वर फुकट आणि सुट्या पैशांची कटकट कायमची गेली.

उत्तर २
रोखीने जायचे तर आठवड्याला दहाच्या १२ आणि वीसच्या १२ नोटा लागतात, एकूण ३६०. १ जून २०२५ पासून भाडे दहाच्या पटीत आहे (५ किमीपर्यंत १०, १० किमीपर्यंत २०), त्यामुळे पाचाची नाणी जमवत बसू नका. सुटे संध्याकाळी भाजीवाल्याकडे किंवा किराणा दुकानात मागा. सकाळी त्यांचाही गल्ला रिकामाच असतो, आणि पहिल्या फेरीला वाहकाच्या बॅगेतही सुटे जमलेले नसतात. दहाचे नाणे कोणत्याही छापाचे असो, चालते. रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये चौदाही प्रकार वैध असल्याचे स्पष्ट केले आहे. दहाची आणि वीसची चळत वेगळी ठेवा, म्हणजे उभ्या गर्दीत पर्स उपसावी लागत नाही.

उत्तर ३
तिकिटामागे आकडा लिहिला की तिथेच वाचून बघा: शंभर देऊन दहाचे तिकीट घेतले तर ९० च हवेत. स्वारगेटला सगळी गाडी एकदम उतरते, म्हणून एक थांबा आधीच वाहकाजवळ जाऊन पैसे मागा. राहिलेच तर तिकीट टाकू नका. तक्रारीला तारीख, वेळ आणि गाडीची माहिती त्यावरूनच मिळते. मात्र ही छपाई उन्हाने आणि घामाने उडते, तेव्हा घरी पोचताच वहीत उतरवून ठेवा.

उत्तर ४
स्मार्टफोन घेतलाच तर यूपीआय लाइट (छोट्या रकमांसाठीची सोय) चालू करा. पिन टाकावा लागत नाही, त्यामुळे एका हाताने दांडी धरूनही पैसे जातात. वाहकाने रक्कम सांगितल्यावरच स्कॅन करा आणि तिकीट हातात पडेपर्यंत पैसे गेल्याचा स्क्रीन बंद करू नका.