रि: रि: प्रीस्कूलमधली सक्तीची झोप (चटयांचा विषय वेगळा आहे)

प्रेषक: नाट्यविभाग

मंडळी, सोमवारी सकाळी आठला शाळेत भेट आहे, म्हणून घाईत लिहितेय. धाकटी साडेचार वर्षांची. शाळेत पावणेएक ते पावणेतीन खाटेवर आडवं पडायचं. पुस्तक नाही, खेळणं नाही, बोलायचं नाही. पाऊण तास तळमळते, मग दीडच्या सुमारास डोळा लागतो आणि पावणेतीनला उठवतात. रात्री सव्वादहाच्या आत झोप नाही, सकाळी सातला ओढून काढावं लागतं. शनिवार-रविवार दुपारी झोपत नाही आणि रात्री आठला गाढ. शाळेचं एकच पालुपद, "नियम आहे." खरंच आहे का? "हिला झोपू देऊ नका" असं लेखी दिलं तर चालतं का? बालवर्ग ताईंनी मागे कुणाला तरी मसुदा करून दिला होता. तो कुणाकडे असेल तर टाका.

प्रेषक: सचिव

मंडळाची ही मेलयादी कार्यक्रम आणि सूचनांसाठी आहे. पालकांसाठी वेगळी यादी उघडून दीड वर्ष झालं, तिथे आजवर दोन मेल आले आणि दोन्ही माझेच. असो. एवढंच बघा की यातून पुन्हा चटयांचा विषय निघू नये.

प्रेषक: लायसन्सिंगवाली मावशी

"नियम आहे" हे अर्धं खरं. नियम असतो तो विश्रांतीची सोय करण्याचा. झोपवण्याचा नसतो.

अमेरिकेत शब्द राज्यागणिक वेगळे, म्हणून दोन नमुने देते. टेक्सासमध्ये सलग पाच तास किंवा जास्त वेळ राहणाऱ्या, दीड वर्षावरच्या मुलांना जेवणानंतर देखरेखीखाली झोप किंवा विश्रांती द्यावी लागते, पण ती तीन तासांपलीकडे जाता कामा नये. झोपायची सक्ती करता येत नाही, आणि तासभर पडूनही जे मूल जागं असेल त्याला उरलेला वेळ दुसरं काहीतरी शांत काम करू द्यावं लागतं. कॅलिफोर्नियाचा नियम म्हणतो की झोपेची किंवा विश्रांतीची संधी सगळ्यांना द्या, पण नेहमीची झोपेची वेळ संपल्यावर कुणाला त्या जागेत डांबून ठेवू नका आणि कुणाला जबरदस्तीने जागंही ठेवू नका.

हे शेवटचं नीट वाच. "झोपू देऊ नका" असं लेखी दिलंस तर दमून झोपलेल्या पोरीला हलवत राहा असं सांगितल्यासारखं होईल. ते शाळा करणार नाही, आणि करूही नये. मागायचं ते एवढंच, की ठरावीक वेळ पडून राहिल्यावर जागी असेल तर हातात काहीतरी शांत द्या. आपल्या राज्याच्या बालसंगोपन परवान्याच्या नियमावलीत "विश्रांती"चं कलम काढ, एकच पान छाप आणि घेऊन जा. सगळी नियमावली टेबलावर आपटू नकोस, लोक लगेच वकिली पवित्र्यात जातात.

दोन तासांचं खरं कारण वेगळंच असतं. बाईंची जेवणाची सुट्टी, ओट्याची आणि टेबलांची सफाई, नोंदवह्या हे सगळं त्याच वेळात उरकायचं असतं. मुलं झोपलेली असताना काही ठिकाणी कमी माणसांवर भागवायची मुभा असते. एक मूल उठून फिरायला लागलं की तो हिशेब कोसळतो.

दुसरं कारण जमिनीचं. नेहमीची एकावर एक रचता येणारी खाट ५२ इंच लांब, २२ इंच रुंद. दोन खाटांत तीन फूट अंतर ठेवायची शिफारस असते, शिंकण्या-खोकण्यातून आजार पसरू नये म्हणून. मग एका खाटेला ५८ गुणिले ८८ इंच, म्हणजे सुमारे ३५ चौरस फूट जागा लागते. अनेक राज्यांत वर्गाला परवाना मिळतो तो मुलामागे साधारण तेवढ्याच जागेवर. भिंतीकडेचं अंतर वाचतं, डोकं-पाय उलटसुलट केलं की थोडी सूट मिळते, तरी खाटा मांडल्या की वर्ग भरला. "जाग्या मुलांसाठी वेगळा कोपरा द्या" असं म्हणशील तर त्यांच्याकडे तो कोपराच नाही. आणि दुसरी खोली मागशील तर दुसरं माणूस लागेल. म्हणून जे खाटेवर बसून होईल तेच माग.

प्रेषक: वेबसाइट

मावशींच्या शेवटच्या परिच्छेदाला उत्तर: तीन फूट अंतर, तर मग आपल्या उन्हाळी बालवर्गात चटईला चटई चिकटलेली का असते? आणि तिथेही दीड तास झोपवतातच की.

प्रेषक: बालवर्ग ताई

वेबसाइट, बालवर्गाचं वेळापत्रक गेल्या वर्षी बदललं, तुमच्या पानावर जुनंच आहे. तीनदा कळवलंय. आता पाऊण तास आहे. पहिली वीस मिनिटं सगळे आडवे, मग जागे असतील त्यांना पिशवी. चटया चिकटतात कारण मिळतात त्या खोलीत तेवढीच जागा उरते. यावर मी इथे बोलणार नाही.

नाट्यविभाग, मसुदा मोठा नव्हताच. तीन वाक्यं. "पहिली ३० मिनिटं ती इतरांसारखी खाटेवर शांत पडेल. त्यानंतर जागी असेल तर घरून आणलेल्या पिशवीतलं काम खाटेवरच बसून करेल. झोपलीच तर १:४५ पर्यंत हलक्या हाताने उठवावं." खाली तारीख, सही आणि "दोन आठवड्यांनी पुन्हा बोलू" ही ओळ. कायमची सवलत मागितली की बाई दचकतात, दोन आठवड्यांच्या प्रयोगाला नाही म्हणणं जड जातं. फक्त ते "उठवावं" आधी तोंडी विचारा. काही शाळा झोपलेल्या मुलाला उठवतच नाहीत, तिथे हे वाक्य गाळा, बाकीची दोन ठेवा.

आता पिशवी. सगळं इथेच फसतं.

कापडी घ्या, नाडीची. चेन आणि वेल्क्रो दोन्ही नकोत. पडदे ओढलेल्या खोलीत वेल्क्रोचा तो टर्रर्र आवाज झाला की शेजारची तीन मुलं उठून बसतात, आणि पिशवी त्याच दिवशी बंद होते. आत तीनच वस्तू. पाच ठेवल्या तर मूल दहा मिनिटांत पाचही उपसून मोकळं. एक पुस्तक, भरपूर चित्रांचं, पातळ पुठ्ठ्याचं (जाड पानांचं पुस्तक मिटताना थाप वाजते, बटण दाबून गाणारं तर नकोच). एक हाताचं काम: फेल्टचे तुकडे आणि फेल्टचीच पाटी, किंवा भोकं पाडलेलं कार्ड आणि जाड लेस. तिसरं म्हणजे चित्र काढायला काहीतरी. इथे गोल खडू देऊ नका, ते घरंगळतात आणि मूल खाटेखाली शिरतं. तिकोनी खडू दोन, आणि कागद पुठ्ठ्याला चिमट्याने लावलेला. जिगसॉ नको, तुकडा पडला की शोधमोहीम. मणी नकोत, खोलीत लहान मुलं असतील तर ते धोक्याचंच. स्टिकर चालतात पण खाटेला चिकटतात, मग बाई तुमच्यावर चिडतात.

दर सोमवारी तीनपैकी एक वस्तू बदला. सगळ्या एकदम बदलल्या तर नव्याची उत्सुकता पडून राहू देत नाही, काहीच बदललं नाही तर गुरुवारपासून पिशवीकडे बघत नाही.

खाट कुठे आहे हेही विचारा. जागं राहणारं मूल भिंतीकडेला हवं, एका बाजूला शेजारी नसलेलं, आणि बाईंच्या नजरेच्या टप्प्यात. उजेड तिथे थोडा जास्त पडतो का तेही बघा, चित्र दिसण्यापुरता. अंधार गुडुप केलेला चांगल्या शाळेत नसतोच, कारण प्रत्येक मुलाचा चेहरा दिसायला हवा.

आणि एक विचारायचं राहूच नये: बाई पाठ थोपटतात का? वीस मिनिटं एका लयीत थोपटलं तर गरज नसलेलं मूलही झोपतं. तुमच्या दीडच्या झोपेमागे तेच असण्याची शक्यता बरीच आहे. "हिला थोपटू नका" ही मागणी फुकटातली आहे, उलट बाईंचा हात मोकळा होतो.

प्रेषक: वाचनालय वहिनी

पातळ पुठ्ठ्याची चित्रपुस्तकं मंडळाच्या वाचनालयात आहेत. बालवर्गाने नेलेली नऊ परत आली की देता येतील.

शिवाय या सगळ्याला "झोप" म्हणणंच चुकीचं आहे. आपल्याकडे नेमका शब्द आहे, वामकुक्षी. वाम म्हणजे डावी, कुक्षी म्हणजे कूस. जेवणानंतर डाव्या कुशीवर थोडा वेळ पडणं, एवढाच त्याचा अर्थ. लोकांनी त्याचा घोरत दोन तास पडण्याशी संबंध जोडला.

प्रेषक: डॉक्टरकाका

वहिनींचा शब्द शाळेला शिकवायला हवा. पडणं वेगळं, झोपणं वेगळं, सगळा वाद तिथेच आहे.

आता हिशेब. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला चोवीस तासांत १० ते १३ तास झोप लागते, दुपारची धरून. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०१६ मध्ये दिलेला हा आकडा बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही मान्य केला आहे. तुमच्या पोरीचं शाळेच्या दिवशी रात्री पावणेनऊ तास अधिक दुपारी सव्वा तास, म्हणजे १०. सुट्टीच्या दिवशी आठला झोपून साडेसहाला उठत असेल तर साडेदहा. बेरीज जवळजवळ तीच. झोप कमी पडत नाहीये, तिची जागा सरकली आहे. झोपेची ओढ जागेपणी हळूहळू साठत जाते. सकाळी सातला उठून दुपारी न झोपलेलं मूल रात्री आठला तेरा तास जागं असतं. पावणेतीनला उठलेलं सव्वापाचच तास. त्याला आठला अंथरुणात घातलं तर ते छताकडे बघत बसणार.

शाळा एक मुद्दा हमखास काढेल, की दुपारच्या झोपेने स्मरणशक्ती सुधारते. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट केंद्रात २०१३ मध्ये प्रीस्कूलच्या मुलांवर तसा अभ्यास झाला आहे आणि तो चांगला आहे. पण फायदा ठळक दिसला तो नेहमी दुपारी झोपणाऱ्या मुलांमध्ये. ज्यांची सवय सुटली आहे त्यांना झोपवून तो मिळेल असं त्यावरून म्हणता येत नाही. २०२० च्या एका मोठ्या आढाव्याप्रमाणे पाच वर्षांपर्यंत ९४ टक्के मुलांची दुपारची झोप सुटलेली असते, दोनच्या आत सुटणारी अडीच टक्क्यांहूनही कमी. मधली तीन वर्षं ज्याची त्याची. साडेचार वर्षांच्या वर्गात दोन्ही प्रकारची मुलं शेजारी-शेजारी असणारच. त्यामुळे "सगळ्यांची झोप बंद करा" अशी मोहीम काढू नका, शेजारच्या खाटेवरच्या पोराला ती लागते.

भेटीला जाताना १४ दिवसांची नोंद न्या. चार रकाने पुरेत: दुपारी किती वाजता डोळा लागला, कधी उठवलं, रात्री दिवा बंद केल्यापासून झोप लागायला किती मिनिटं, सकाळी स्वतः उठली की उठवावं लागलं. सोमवारपर्यंत १४ दिवस होणार नाहीत, तर सुट्टीचे दोन आणि शाळेचे दोन तरी न्या. ज्या दिवशी दुपारी झोप नाही त्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत मूड ठीक आणि रात्री पंधरा-वीस मिनिटांत झोप, तर सवय सुटली समजा. पाचलाच रडारड, सोफ्यावर बसल्या-बसल्या डोळे मिटणं असं असेल तर अजून सुटलेली नाही, रात्र आधी अर्धा तास अलीकडे आणा.

बालवर्ग ताईंच्या १:४५ ला माझी दुरुस्ती: वेळ घड्याळावर बांधू नका, डोळा लागल्यापासून मोजा. वीस मिनिटांच्या आत उठवलं तर ठीक. चाळीस मिनिटांनी उठवलं तर मूल गाढ झोपेतून ओढून काढल्यासारखं होतं आणि अर्धा तास किरकिर करतं, मग बाई म्हणतात, "बघा, हिला झोप हवीच होती."

प्रेषक: वेबसाइट

मेलाटोनिनच्या (झोपेच्या संप्रेरकाच्या) चघळायच्या गोळ्या, गमी, मिळतात की. रात्री एक दिली की प्रश्न मिटला, शाळेशी भांडण नको.

प्रेषक: डॉक्टरकाका

नको. दुपारी पोटभर झोपलेल्या मुलाला रात्री औषध देणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं. शिवाय अमेरिकेत ते औषध म्हणून नाही, पूरक आहार म्हणून विकलं जातं. २०२३ मध्ये २५ प्रकारच्या गमी तपासल्या, त्यातल्या २२ मध्ये लेबलवरचा आकडा चुकीचा निघाला. प्रत्यक्षात ७४ पासून ३४७ टक्क्यांपर्यंत. आपल्या मनाने देऊ नका, आपल्या बालरोगतज्ज्ञांना विचारा.

आणि त्यांना विचारायची आणखी एक गोष्ट. रात्री पुरेशी झोपूनही मूल दिवसा पेंगत असेल, बहुतेक रात्री घोरत असेल किंवा तोंड उघडं टाकून झोपत असेल, तर टॉन्सिल आणि ॲडेनॉइड (नाकामागची गाठ) बघून घ्यावे लागतात. तिथे शाळेचं वेळापत्रक बदलून काही होत नाही. तुमच्या वर्णनात तसं काही दिसत नाही.

प्रेषक: नाट्यविभाग

सगळ्यांचे आभार. घोरत नाही. थोपटतात, हो, आजच विचारलं! शाळेने उद्या ऐकलं तरी परतीच्या गाडीत सव्वापाचला डोळा लागला तर?

प्रेषक: लायसन्सिंगवाली मावशी

लागणारच, पहिले दोन-तीन आठवडे तरी. गाडीतली छोटीशी डुलकीही रात्रीची झोप लांबवू शकते. खिडकी थोडी उघडी, मागच्या सीटवर कुरकुरीत काही नको (घशात अडकायची भीती), त्याऐवजी बोलत राहा, मोजायला लावा: लाल गाड्या, ट्रक, काहीही. तरीही झोपलीच तर घरी पोचताच उठव, "झोपू दे बिचारीला" नको.

डॉक्टरांचं पत्र न्यायचं का विचारशील, तर पहिल्या भेटीला नको. आधी नोंद आणि पिशवी दाखव. ऐकलं नाही तर मग पत्र, तेव्हा सोनारानेच कान टोचलेले बरे.

प्रेषक: बालवर्ग ताई

काकांची दुरुस्ती मान्य. तिसरं वाक्य असं करा: "झोपलीच तर डोळा लागल्यापासून वीस मिनिटांत उठवावं." सोळा मुलांत प्रत्येकाची वेळ लक्षात राहत नाही, म्हणून खाटेला छोटा कागद आणि पेन्सिल बांधून द्या, बाई वेळ लिहितील. पेन्सिल बांधलेलीच हवी.

वहिनी, नऊ नाही, सात. दोन सभागृहाच्या कपाटात आहेत, चटयांच्या मागे, आणि त्या कपाटाची किल्ली माझ्याकडे नाही.

प्रेषक: सचिव

किल्ली माझ्याकडे आहे. शनिवारी अकराला येतो. चटया मोजूनच देईन.