कुटुंबाने एकत्र पाहावे असे चित्रपट: गावातील महोत्सवासाठी निवड कशी करावी?

प्रश्न – वाचनालयाचा कार्यकर्ता, यवतमाळ जिल्हा

सप्रेम नमस्कार. आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयातर्फे येत्या जानेवारीत, कपाशीची उलंगवाडी होत आली की, तीन संध्याकाळचा चित्रपट महोत्सव घेण्याचे ठरले आहे. आजीपासून नातवापर्यंत सर्वांना संकोच न वाटता सोबत बसून पाहता यावेत आणि उठताना मनाला उभारी यावी, असेच चित्रपट दाखवायचे, इथपर्यंत सर्वांचे एकमत आहे. त्यापुढे मात्र गाडी अडली आहे. बैठकीत ‘श्वास’चे नाव निघाले तेव्हा, लहान मुलाची दृष्टी जाते असा चित्रपट आनंदाच्या कार्यक्रमात कशाला, असा आक्षेप एका सदस्यांनी घेतला. ‘श्यामची आई’लाही तीच हरकत आली. केवळ विनोदी चित्रपट घ्यावेत, असे काहींचे म्हणणे आहे.

मला ते पटत नाही, पण दुर्लक्षही करता येत नाही, कारण कर्त्या माणसाने आत्महत्या केलेली तीन घरे आमच्या गावात आहेत आणि त्या घरांतील बाया-मुले प्रेक्षकांत असणार आहेत. गेल्या वर्षी शाळेच्या पटांगणात मी एक चित्रपट आधी न पाहता लावला होता. अर्ध्यावर गळफासाचे दृश्य आले आणि तिसऱ्या रांगेतील एक वहिनी लेकराचे तोंड पदराखाली घेऊन उठून गेल्या. त्यांच्या चपला सतरंजीच्या कडेला तशाच राहिल्या होत्या, त्या मी दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी नेऊन दिल्या, पण बोलायला शब्द सुचले नाहीत. तेव्हा उभारी देणारा चित्रपट कशाला म्हणावे आणि सार्वजनिक प्रदर्शनासाठी कोणती परवानगी लागते, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर – निवृत्त शिक्षिका, वर्धा जिल्हा

भाऊ, दुःख दाखवणारा प्रत्येक चित्रपट निराश करतो असे नाही. ‘श्वास’मध्ये नातवाचा जीव वाचवायचा तर त्याचे डोळे जाणार, हे कळल्यावर आजोबा शस्त्रक्रियेपूर्वी त्याला रुग्णालयातून बाहेर नेऊन शहर डोळे भरून दाखवतात. हा चित्रपट मी सातवीच्या मुलांना दाखवला होता. दुसऱ्या दिवशी एक मुलगी आपल्या आजोबांचा दोऱ्याने बांधलेला चष्मा दप्तरात घालून घेऊन आली आणि तो कुठे दुरुस्त होईल, असे मला विचारू लागली. त्या दिवसापासून मी निवड करताना एकच गोष्ट पाहते: संकटात सापडलेली माणसे एकमेकांना धरून राहतात की एकेकटी पडतात.

‘एलिझाबेथ एकादशी’ (२०१४) पहिल्या रात्री लावावा. त्यातील भावंडांना वडील नाहीत, आई कर्जाखाली आहे आणि सायकल विकली जाऊ नये म्हणून ही मुले पंढरपूरच्या यात्रेत दुकान मांडतात. आपण सांगितलेल्या तीन घरांतील मुलांना त्यात स्वतःचे घर दिसेल, आणि ते घर हसतेही, हे दिसेल. आत्महत्येचे दृश्य असलेला चित्रपट मात्र कितीही थोर असला तरी या तीन दिवसांत घेऊ नये. तो विषय पडद्यावर यायलाच हवा, परंतु वेगळ्या दिवशी, केवळ मोठ्यांसाठी आणि नंतर बोलायला वेळ ठेवून.

उत्तर – नाट्यमंडळाचा व्यवस्थापक, गडचिरोली जिल्हा

ताईंशी मी सहमत आहे. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, दिवाळीनंतर मंडई (गावोगावच्या जत्रा) सुरू झाली की कुटुंबेच्या कुटुंबे चादरी-घोंगड्या घेऊन रात्रभर नाटक पाहतात. एका प्रवेशात रडतात, पुढच्या प्रवेशात पोट धरून हसतात. गावच्या माणसाला गंभीर काही सोसत नाही, हा समज मी इतक्या वर्षांत एकदाही खरा ठरलेला पाहिला नाही. दुसऱ्या दिवसासाठी ‘डॉ. प्रकाश बाबा आमटे’ (२०१४) सुचवतो. हेमलकसा आमच्याच जिल्ह्यात आहे. १९७३ साली तेथे आदिवासींसाठी आमट्यांचा लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेव्हाच्या जंगलातले जगणे त्यात पाहायला मिळते, आणि आपल्या विदर्भातील माणसे पडद्यावर पाहण्याचा आनंद निराळाच असतो.

वेळेचा विचार चित्रपटाइतकाच महत्त्वाचा आहे. वेचणीवरून आलेल्या बाईचा स्वयंपाक आटोपायला साडेसात वाजतात आणि हरभऱ्याच्या जागलीला जाणाऱ्यांना दहाच्या आत निघावे लागते, म्हणून बरोबर साडेसातला सुरू करावे. महिलांची जागा कडेला नको, मधोमध आणि पुढे असावी, तसेच स्वच्छतागृहापर्यंतच्या वाटेवर दिवा असावा. हे जमले नाही तर प्रेक्षकांत केवळ पुरुष आणि पोरेच उरतात आणि त्याला कुटुंबाचा महोत्सव म्हणता येत नाही. प्रोजेक्टरवर छत मात्र घाला, दव पडते.

उत्तर – वकील, वणी

डीव्हीडी विकत घेतली किंवा ओटीटीचे सदस्यत्व घेतले म्हणून सार्वजनिक प्रदर्शनाचा हक्क मिळत नाही, त्यासाठी हक्कधारकाची लेखी परवानगी घ्यावी. शाळेने आपल्या उपक्रमात केवळ विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेशी संबंधित व्यक्तींसाठी चित्रपट दाखवल्यास कॉपीराइट कायदा, १९५७ मध्ये सवलत आहे, पण गावभर निमंत्रण दिले की ती लागू होत नाही. चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो, त्यामुळे १९५३ च्या ‘श्यामची आई’ची स्थिती नव्या चित्रपटांहून वेगळी आहे. तरीही आपण वापरणार ती प्रत कोणाची आहे, हे तपासावे. प्रमाणपत्र ‘यू’ (सर्व वयोगटांसाठी) असल्याची खात्री करावी आणि ध्वनिक्षेपकाची परवानगी पोलीस ठाण्यातून घ्यावी. रात्री दहानंतर तो बंद ठेवावा लागतो.

प्रश्नकर्ता

ताई, भाऊ, वकीलसाहेब, मनःपूर्वक आभार. पहिल्या दिवशी ‘एलिझाबेथ एकादशी’, दुसऱ्या दिवशी ‘डॉ. प्रकाश बाबा आमटे’ आणि तिसऱ्या दिवशी ‘श्वास’ असा क्रम समितीपुढे ठेवला आहे आणि परवानगीची पत्रे या आठवड्यात पाठवत आहे. काल त्या वहिनींच्या घरी जाऊन क्षमा मागितली. तिन्ही चित्रपट आधी आमच्यासोबत बसून पाहाल का, असे विचारले, तेव्हा त्यांनी थोडा विचार करून होकार दिला. रविवारी दुपारी वाचनालयात त्या, त्यांच्या सासूबाई आणि आम्ही मिळून ‘श्वास’पासून सुरुवात करणार आहोत.