पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातला एनएमआर (अणुकेंद्रकीय चुंबकीय अनुनाद): पाण्याचा सिग्नल दिसेना

सहाशे_वेढे
पुण्यात चुंबकीय क्षेत्र साधारण ४३ मायक्रोटेस्ला, म्हणजे पाण्यातल्या प्रोटॉनांचा (हायड्रोजनच्या केंद्रकांचा) सिग्नल १८३० हर्ट्झच्या आसपास हवा. अर्धा लिटर नळाचं पाणी. ध्रुवीकरणाची (पाण्याला आधी चुंबकित करणारी) कॉइल ६०० वेढ्यांची, २० सेंमी लांब, १० सेंमी व्यास. ६ अँपिअर, ८ सेकंद. सिग्नलची कॉइल २० मिलिहेन्री, ६ ओहम, ०.३८ मायक्रोफॅरडने ट्यून केलेली. सगळं दुसऱ्या मजल्यावरच्या टेबलावर. एफएफटीत (सिग्नलमधल्या वारंवारतांच्या आलेखात) १८०० आणि १८५० हर्ट्झवर दोन सुळके. यातला पाण्याचा कोणता?

लोहचुंबक
एकही नाही. ५० ची ३६ वी आणि ३७ वी पट, दोन्ही मेन्सचे. बाटली काढून बघा, तसेच राहतील.

मुळात जागाच चुकली आहे. स्लॅबमधल्या सळ्यांमुळे बाटलीच्या दोन टोकांत १ मायक्रोटेस्लाचा फरक सहज पडतो. तेवढ्याने पाण्याची रेषा (आलेखातला सुळका) ४३ हर्ट्झ रुंद होते आणि सिग्नल ७-८ मिलिसेकंदांत विरतो. इकडे तुमच्या कॉइलचं रिंगिंग (प्रवाह तोडल्यावर तिच्यात उरणारी थरथर) ओसरण्याचा कालांक जवळपास ७ मिलिसेकंद. काही व्होल्टवरून मायक्रोव्होल्टच्या खाली यायला त्याच्या पंधरापट वेळ. म्हणजे १०० मिलिसेकंद. तोवर पाणी कधीच गप्प झालेलं असतं. मोकळ्या मैदानात, गाड्या आणि लोखंडी फाटकांपासून दूर, बिनखिळ्यांच्या लाकडी स्टुलावर मांडा. सुरुवातीचे २० मिलिसेकंद मॉसफेटने (इलेक्ट्रॉनिक स्विचने) कॉइलवर रोध टाका, रिंगिंग लवकर मरतं.

अक्षांश१८
कॉइल पूर्व-पश्चिमच हवी. आपल्याकडे क्षेत्र क्षितिजाखाली पंचवीसेक अंशच झुकतं; उत्तर-दक्षिण ठेवली तर ध्रुवीकरणात मार, परत सिग्नल पकडताना मार, हाती एक-पंचमांश उरतो. आणि ध्रुवीकरणाचा प्रवाह बंद करताना डायोड कोणता?

सहाशे_वेढे
साधा, कॉइलला समांतर.

अक्षांश१८
मग प्रवाह रेंगाळत उतरतो आणि चुंबकन बरंचसं पृथ्वीच्या क्षेत्राच्या दिशेला वळून बसतं; फिरायला काही उरत नाही. २०० व्होल्टचा टीव्हीएस (ठरलेल्या व्होल्टेजला वाहू लागणारा संरक्षक डायोड) लावा, अर्ध्या मिलिसेकंदात प्रवाह शून्य. प्रवाह तोडणारा मॉसफेट ४०० व्होल्टच्या वरचा घ्या, नाहीतर पहिला तोच जाईल.

सहाशे_वेढे
रेषा मिळाली तर रासायनिक सरक (रेणूतल्या जागेनुसार वारंवारतेत पडणारा फरक) दिसेल का?

लोहचुंबक
नाही. इथे १ पीपीएम (दहा लाखांत एक भाग) म्हणजे ०.००१८ हर्ट्झ. जे-कपलिंग (रेणूतल्या केंद्रकांचा एकमेकांवरचा परिणाम) मात्र क्षेत्रावर अवलंबून नसतं: ट्रायमिथाइल फॉस्फेटमध्ये फॉस्फरसमुळे प्रोटॉनची रेषा सुमारे ११ हर्ट्झने दुभंगते. तो द्रव हाताळताना हातमोजे घाला. सरासरी काढताना प्रत्येक स्कॅनचं शिखर आधी जुळवा. दिवसभरात क्षेत्र काही दशक नॅनोटेस्ला सरकतं, आणि २३ नॅनोटेस्लाला १ हर्ट्झ. मेट्रोचा मार्ग जवळ असेल तर आणखी लांब जा. कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ मध्ये अलिबागला हलवावी लागली ती विजेच्या ट्राममुळेच.