निघण्याआधी काय उरकावं? रत्नागिरी ते आइंडहोवन, चौघांचं बिऱ्हाड

प्रेषक: रत्नागिरी तालुक्यातून

मंडळींना नमस्कार.

नोकरी नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला, व्हिसा उच्च कुशल स्थलांतरित प्रवर्गातला, अर्ज कंपनी करते आहे. सोबत पत्नी, मुलगी ७ वर्षांची, मुलगा ३ वर्षांचा. जुलैच्या मध्यावर निघायचं आहे. कागद कोणते लागतात, तिथे पोचल्यावर काय कशावाचून अडतं, आणि बॅगेत काय भरावं, एवढं सांगा. आई चार किलो तूप आणि वाटीचं खोबरं द्यायला बसली आहे. गणपतीला (१४ सप्टेंबर २०२६) मुलांना घेऊन दहा दिवस घरी येता येईल का, हेही कळवा.

---

प्रेषक: गुहागरचे, सध्या आइंडहोवन

नमस्कार. आधी कागद, कारण बाकी सगळं मागाहून निस्तरता येतं, कागद मात्र तिथून निस्तरताना नाकी नऊ येतात.

चौघांचे जन्मदाखले आणि विवाह नोंदणीचा दाखला, असे पाच कागद. जन्म खेड्यात झाला असेल तर जुना दाखला ग्रामपंचायतीचा, हाताने लिहिलेला आणि फक्त मराठीत असतो. तो चालवायचा प्रयत्न करू नका. त्याच नोंदीवरून ग्रामपंचायतीकडून नवा, संगणकावरचा, मराठी-इंग्रजी दोन्ही असलेला दाखला घ्या. नेदरलँड्समध्ये इंग्रजी दाखला भाषांतराशिवाय घेतात, निव्वळ मराठी घेत नाहीत.

दाखला हातात पडला की तिथेच उभं राहून पासपोर्टशी अक्षर न अक्षर ताडून पाहा. घोळ होतो तो इथे. दाखल्यात 'दत्तात्रय', पासपोर्टवर 'दत्तात्रेय'. मुलाच्या नावाची जागा कोरी, कारण नोंद बारशाआधी झालेली. आईचं नाव माहेरचं की सासरचं यात गोंधळ. दुरुस्ती मूळ नोंदीतच करून घ्या. 'दोन्ही नावं एकाच व्यक्तीची' असं स्टँपवरचं प्रतिज्ञापत्र आपल्याकडे खपून जातं, तिकडच्या खिडकीवरच्या माणसाला त्याचा अर्थच लागत नाही. पत्नीचा जन्मदाखला माहेरच्या नावाने आणि पासपोर्ट सासरच्या नावाने असेल तर दोन्हींना जोडणारा दुवा म्हणजे विवाहाचा दाखला. त्यात दोन्ही नावं पूर्ण हवीत.

मग अपोस्टील, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून त्यावर घ्यायचा सरकारी शिक्का. आधी राज्य शासनाची पडताळणी, त्यावर परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का. मंत्रालय कागद थेट घेत नाही, नेमलेल्या संस्थांमार्फतच घेतं. दाखला लॅमिनेट केलेला नको, प्लास्टिकवर शिक्का बसत नाही. निदान सहा आठवडे हातात ठेवा. पावसाळ्यात व्हिसा केंद्राची वेळ असेल तर आदल्या रात्रीच्या गाडीच्या भरवशावर राहू नका. कोकण रेल्वे पावसाळी वेळापत्रकावर असते आणि दरड कुणाला विचारून येत नाही. एक मुक्काम मुंबईत धराच.

मुलांची लसीकरणाची कार्डं मूळ स्वरूपात हातातल्या बॅगेत. चालू औषधांची चिठ्ठी इंग्रजीत, औषधाच्या मूळ नावासकट. औषधाला कंपनीने दिलेलं नाव तिथे कुणी ओळखत नाही.

तुम्हा सगळ्यांना क्षयरोगाची तपासणीही करून घ्यावी लागेल. ती तिथे गेल्यावर, सरकारी आरोग्य खात्याकडे. वेळ न घेता गेलात तर परत पाठवतात.

---

प्रेषक: दापोलीचे, सध्या डेन हाग

कागदांचं झालं. तिथे उतरल्यावरचा क्रम लक्षात ठेवा: पत्ता, मग नोंदणी, मग नागरिक क्रमांक, मग बँक आणि विमा. पहिलं अडलं की पुढचं सगळं अडतं.

चार महिन्यांपेक्षा जास्त राहणार असाल तर पोचल्यापासून पाच दिवसांत नगरपालिकेत नोंदणी करायची असते. नोंदणीला पत्ता लागतो, आणि सगळेच पत्ते चालत नाहीत. भाड्याच्या जाहिरातीत 'नोंदणी शक्य नाही' असं लिहिलेलं असतं, ते घर कितीही स्वस्त असलं तरी सोडा. कंपनी पहिल्या महिन्यासाठी तात्पुरतं घर देत असेल तर त्या पत्त्यावर चौघांची नोंदणी होते का, हे निघण्याआधी लेखी विचारा. नोंदणी झाली की बीएसएन हा नागरिक क्रमांक मिळतो. पगार, विमा, शाळा, डॉक्टर सगळं त्याला बांधलेलं असतं.

घराच्या जाहिरातीतले तीन शब्द पाठ करा. 'खेमुबिलेर्ड' म्हणजे सामानासह. 'खेस्टॉफेर्ड' म्हणजे जमिनीला आच्छादन आणि पडदे आहेत, सामान नाही. आणि 'काल' म्हणजे खरोखर उघडंवाघडं. नुसतं सिमेंट, छताला दिव्याची वायर लोंबते आहे, पडद्याचा दांडासुद्धा नाही. आपण 'अनफर्निश्ड' म्हणजे पंखे-ट्यूबलाइट धरून चालतो, तिकडे तसं नाही. अनामत जास्तीत जास्त दोन महिन्यांचं मूळ भाडं, हा १ जुलै २०२३ पासूनचा कायदा. घर न बघता, 'मालक परदेशात आहे, किल्ली कुरियरने पाठवतो' असं म्हणणाऱ्याला एक छदामही पाठवू नका.

विमा. पोचल्यापासून चार महिन्यांच्या आत मूलभूत आरोग्य विमा घ्यावाच लागतो, आणि हप्ता मागच्या तारखेपासून आकारतात. म्हणून 'चार महिने थांबू, तेवढेच पैसे वाचतील' हा हिशेब खोटा आहे. मोठ्यांचा हप्ता माणशी महिना दीडशे युरोच्या आसपास धरा. अठरा वर्षांखालच्या मुलांना हप्ता नाही, आणि त्यांचं दाताचं बहुतेक काम मूलभूत विम्यातच येतं. मोठ्यांना वर्षाला पहिले ३८५ युरो स्वतः भरावे लागतात. कुटुंब डॉक्टरला भेटणं यात धरत नाहीत, पण त्याने सांगितलेली रक्ततपासणी आणि औषधं धरतात.

तो कुटुंब डॉक्टर, 'हाउसआर्ट्स', आजारी पडण्याआधी शोधून नाव नोंदवून ठेवा. जवळच्या दवाखान्याची यादी भरलेली असते, दोन-तीन ठिकाणी विचारावं लागतं. त्याच्या चिठ्ठीशिवाय तज्ज्ञ डॉक्टर भेटत नाही. पोराला ताप आला म्हणून फोन केलात तर आधी फोनवरच प्रश्न, मग पॅरासिटामॉल. आपल्याकडे पहिल्याच दिवशी अँटिबायोटिक मिळते, त्यामुळे तिथे दुर्लक्ष झाल्यासारखं वाटतं. दुर्लक्ष नसतं. ताप किती, किती दिवस, मूल पाणी पितं का, लघवी किती वेळा, हे आकड्यांत सांगा. 'खूप ताप आहे' यावर कुणी हलत नाही.

एक छोटी गोष्ट. चार वर्षांखालच्या मुलांना रोज १० मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व द्या असा तिथला सरकारी सल्ला आहे, आणि आपल्यासारख्या सावळ्या त्वचेच्या लोकांना त्यापुढेही. डिसेंबरात साडेचारला अंधार पडतो. थेंब औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतात.

---

प्रेषक: मालवणच्या, सध्या आम्सटेलवेन

आईंना सांगा, तूप नको. युरोपीय संघाबाहेरून दूध-दुभतं आणि मांस प्रवाशाच्या सामानात आणायला बंदी आहे. तूप, खवा, पेढे, पनीर सगळं त्यात. तिकडे बिनमिठाचं लोणी सगळीकडे मिळतं, मंद आचेवर कढवलं की झालं.

मासे मात्र चालतात! सुके बोंबील, सोडे, सुकट, बांगडा, सगळं मिळून माणशी २० किलोपर्यंत. वास बाहेर आला तर तपासणीत बॅग उघडतात आणि कपड्यांचं वाटोळं होतं ते वेगळं. कडक उन्हात पुन्हा एकदा वाळवून, हवा काढलेल्या पिशवीत, ती घट्ट झाकणाच्या डब्यात.

ताजी फळं-भाज्या वनस्पती आरोग्य प्रमाणपत्राशिवाय नाहीत. सूट फक्त पाच फळांना: नारळ, केळी, अननस, खजूर आणि ड्युरियन. म्हणजे हापूसची पेटी नाही, कढीपत्ता नाही, अळूची पानंही नाहीत. २०१४ साली संघाने भारतातून हापूससह सगळ्या आंब्यांची व्यापारी आयातच बंद केली होती, फळमाशीमुळे, आणि त्या यादीत अळू आणि कारलंही होतं. आंब्यावरची बंदी २०१५ मध्ये उठली, पण पिशवीतून नेणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. डबाबंद आमरस न्या.

भरायचं ते असं: आमसुलं एक किलो (वर्षाला पुरतात), मालवणी मसाला, कुळथाचं पीठ, भाजणी, तिरफळं. बाकी डाळी-तांदूळ सगळं मिळतं, वजन घालवू नका.

आता भांडी. १ जुलै २०१८ नंतर बांधकाम परवानगीचा अर्ज झालेल्या नव्या घरांना गॅसची जोडणी नाही, इंडक्शनच असतं. घरातला चुंबक घ्या आणि प्रत्येक भांड्याच्या बुडाला लावून बघा. चिकटला नाही तर ते भांडं इथेच ठेवा. ॲल्युमिनियमचा कुकर, मोदकपात्र, पितळी पातेली चालत नाहीत. बिडाचा तवा उत्तम चालतो, घावणे छान सुटतात, पण आच एकदम वर नेलीत तर तडकतो, आणि काचेवर ओढायचा नाही, उचलून ठेवायचा. वांगं भाजायला ज्योत नाही. ओव्हनमध्ये २२० अंशांवर चाळीस मिनिटं, मध्ये एकदा उलटून, आधी सुरीने टोचून (नाहीतर फुटतं).

मिक्सर नक्की न्या. वीज तिथेही २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, फक्त पिनेचा आकार वेगळा. अर्थिंगसह चांगला जोड घ्या, प्रवासातला स्वस्त जोड ७५० वॅटच्या मिक्सरला गरम होतो. विळी आणि खवणी मोठ्या बॅगेत, पात्याला पुठ्ठा बांधून.

भाजीला सुरिनामी (दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामहून आलेल्या लोकांची) आणि आशियाई दुकानं शोधा. तिथे कारल्याला 'सोप्रोपो' आणि चवळीच्या लांब शेंगांना 'काउसबांत' म्हणतात. 'तायरब्लाद' म्हणजे अळूच्याच कुळातलं पान, आंबट घालून नीट शिजवलं नाही तर खाजतं, तसंच आपल्यासारखं. खवलेला नारळ फ्रीझरमध्ये पाकिटात असतो.

उकडीच्या मोदकांना पीठ घेताना बघून घ्या. चिकट तांदळाचं पीठ आणि साधं तांदळाचं पीठ शेजारी शेजारी, सारख्याच पाकिटात ठेवलेलं असतं. चिकटाचा मोदक उकडताना बसतो आणि गोळा होतो.

---

प्रेषक: देवगडचे, सध्या उत्रेख्त

ताईंनी तुपाचं सांगितलं, खोबऱ्याचं राहिलं. अख्खा नारळ चालतो, पण सुकं खोबरं (वाटी) विमान कंपन्या हातातल्या आणि मोठ्या, दोन्ही बॅगांत नाकारतात. तेलाचं प्रमाण जास्त, आपोआप तापू शकणारा माल म्हणून. मुंबईला बॅग उघडून काढायला लावतात. वाटपासाठी तिकडे सुका किस मिळतो, तो भाजून चालवा.

शाळेचं आणि गणपतीचं.

मुलगी सातची, म्हणजे सक्तीच्या शिक्षणात. डच येत नसेल तर बहुतेक गावांत वर्षभराचा भाषावर्ग असतो, मग नेहमीची शाळा. घराचा पत्ता ठरला की त्याच आठवड्यात नगरपालिकेला विचारा. वर्ग घरापासून लांब असू शकतो, सायकलचं अंतर धरून घर बघा. मुलाला अडीच ते चार वर्षांच्या खेळगटात घाला. बालआरोग्य केंद्राने भाषेसाठी शिफारस केली तर आठवड्याला १६ तासांची जागा मिळते, आणि चौथ्या वाढदिवसानंतर तो शाळेत बसेल तेव्हा निदान 'पाणी' आणि 'शू' तरी डचमध्ये सांगेल. डबा गार खाल्ला जातो, तापवायची सोय नसते. घावन, थालीपीठ, पोळीची गुंडाळी ठीक, भात-आमटी नको.

१४ सप्टेंबरला शाळा सुरू झालेल्या असतील, देशाच्या तिन्ही सुट्टी-विभागांत. धार्मिक सणासाठी रजा मिळते, पण सणाला एक दिवस, आणि मुख्याध्यापकांना निदान दोन दिवस आधी कळवून. दहा दिवस कोकणात, हे होत नाही. न सांगता नेलंत तर शाळा नगरपालिकेच्या हजेरी अधिकाऱ्याला कळवते आणि दंड होतो. 'आजारी होती' हे सांगू नका, उन्हाने रापलेलं पोर सगळं सांगतं. मुलगा पाच वर्षांचा होईपर्यंत त्याला सक्ती लागू नाही, त्यामुळे यंदा तुमच्यापैकी एकाने फक्त त्याला घेऊन येणं नियमात बसतं. एवढीच फट आहे.

गणपती तिथेच बसवणार असाल तर शाडूची वीतभर मूर्ती हातातल्या बॅगेत. विसर्जन बादलीत. कालव्यात काही सोडायला बंदी आहे.

---

प्रेषक: रत्नागिरीहूनच, हल्ली इथेच राहतात

पोरांनो, तिकडचं सगळं झालं, इथल्या बागेतल्या कलमांचं कोण बघणार?

बागायत तुमच्या नावावर असेल तर अनिवासी झाल्यावरही ती ठेवता येते, वारशाने आलेलीही घेता येते. पण अनिवासी असताना नवी शेतजमीन, बाग किंवा फार्महाउस विकत घेता येत नाही, आणि असलेली विकायची तर भारतात राहणाऱ्यालाच. शेजारचा तुकडा घ्यायचं मनात असेल तर खरेदीखत निघण्याआधी.

मुखत्यारपत्र इथेच, दुय्यम निबंधकाकडे नोंदवून करा. नुसतं 'सर्व अधिकार' लिहू नका: सातबाऱ्यावरच्या नोंदी, ई-पीक पाहणी, बाग कराराने देणे, वीजबिल, घरपट्टी, असं एकेक काम लिहा, आणि विक्रीचा अधिकार द्यायचा नसेल तर तसं स्पष्ट लिहा. ई-पीक पाहणी मोबाइलवरून होते खरी, पण जागेवर उभं राहूनच, तेव्हा माणूस गावातलाच हवा. मुखत्यारपत्र परदेशात केलंत तर इथे पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक शुल्क भरावं लागतं, आणि ते विसरलं जातं.

बचत खातं निघाल्यावर एनआरओ (अनिवासी भारतीयाचं साधारण खातं) करून घ्या. त्यावरच्या व्याजातून ३० टक्के आणि वर उपकर कापला जातो, म्हणून मोठ्या ठेवी तशाच सोडू नका.

आणि मोबाइल. बँकेचा ओटीपी भारतातल्या नंबरावर येतो. सिम रोमिंगसह चालू ठेवा, रिचार्जची तारीख घरातल्या कुणाच्या तरी कॅलेंडरवर लिहा. ९० दिवस काहीच वापर नसेल तर नंबर बंद होऊन दुसऱ्याला जाऊ शकतो.

---

प्रेषक: रत्नागिरी तालुक्यातून

सर्वांचे आभार. काका, मुखत्यारपत्राचं उद्याच बघतो. वाहन परवान्याबद्दल कुणी सांगेल का? एमएच-०८ चा आहे, २०३१ पर्यंत.

---

प्रेषक: गुहागरचे, सध्या आइंडहोवन

नोंदणीपासून १८५ दिवस चालतो. पुढे बदलून मिळतो तो फक्त ३० टक्के करसवलत (परदेशातून बोलावलेल्या कुशल कर्मचाऱ्यांना मिळते ती) मंजूर असेल तर, आणि मग पत्नीचाही. ती सवलत मिळणार का, हे करारावर सही करण्याआधी कंपनीला विचारा. नसेल तर तिथली परीक्षा पहिल्यापासून, आणि ती महाग पडते. अदलाबदलीत मूळ परवाना काढून घेतात, तेव्हा दोन्ही बाजूंची रंगीत प्रत घरी ठेवा. गाडी चालवण्यात खंड पडायला नको असेल तर १८५ दिवसांत अर्ज आणि आरोग्य घोषणापत्र दोन्ही पुरे व्हायला हवेत. घोषणापत्राला कधीकधी आठवडे लागतात, म्हणून तिसऱ्या महिन्यात सुरुवात करा.