हिवताप संस्थांच्या हवाली करा म्हणणाऱ्यांना

शेवटची_बस

परवा इथे एकाने लिहिलं की सरकारला हिवताप आवरत नाही, तेव्हा कार्यक्रम ग्रामसभा आणि स्वयंसेवी संस्थांच्या हातात द्यावा, सरकारने फक्त पैसे पाठवावेत. खाली सगळे वाहवा करतायत. मला ते वाचून इतकी चीड आली की वेगळा धागा काढतोय.

1953 मध्ये देशव्यापी कार्यक्रम सुरू झाला तेव्हा वर्षाला अंदाजे 7.5 कोटी रुग्ण आणि 8 लाख मृत्यू होते. 1965 पर्यंत रुग्ण लाखाच्या आसपास आले. हे सरकारी पगारावरच्या माणसांनी खांद्यावर फवारणीचा पंप घेऊन केलंय, कुठल्या प्रकल्पाने नाही. संस्थेचा निधी तीन वर्षांचा असतो, डासाला ते माहीत नसतं.

मी काही वर्षं आदिवासी भागात संस्थेतच काम केलंय, म्हणून सांगतो. एका पाड्यात आमचा कार्यकर्ता रक्त तपासायचा आणि आरोग्य केंद्राचा माणूसही तपासायचा. दोन रजिस्टरं, दोन महिना-अहवाल. एक मुलगी आमच्या वहीत व्हायव्हॅक्स (पुन्हा उलटणारा हिवताप) पॉझिटिव्ह, केंद्राच्या वहीत तिचं नावच नाही. आम्हाला वाटलं यकृतातला जंतू मारणारं प्राइमाक्विन केंद्र देईल, केंद्राला ती पोरगी माहीतच नाही. क्लोरोक्विनवर ताप उतरला, प्राइमाक्विनच्या 14 दिवसांच्या गोळ्या झाल्याच नाहीत, आणि पावसाळा सरता सरता ती पुन्हा तापाने फणफणली. यकृतात दडलेला जंतू तसाच राहिला होता.

माझं म्हणणं एवढंच, की वही एक हवी, रक्त तपासायच्या किटचा साठा एक हवा आणि जबाबदार माणूस सरकारी हवा. संस्थांनी त्याच्या आत राहून काम करावं. समांतर दुकान नको.

मोहफूल

"आत राहून" म्हणजे नेमकं काय हो? आम्ही ग्रामसभेतली माणसं. आम्हाला आत कधी बोलावतात माहितीये? जनजागृती रॅलीला. शाळेतली पोरं, बॅनर, फोटो, संपलं.

फवारणीच्या तारखा जिल्ह्याला ठरतात. आमच्याकडे पथक आलं तेव्हा रोवणी चालू होती, गाव अख्खं भाताच्या बांधीत. अर्ध्या घरांना कुलूप. तरी दारावर तारखेचा शिक्का मारून गेले. मी त्यांच्या साहेबाला विचारलं तर म्हणे "उद्दिष्ट पूर्ण झालं पाहिजे". एका माणसाने आठ दिवस आधी गावात येऊन विचारलं असतं तर आम्हीच तारीख सांगितली असती, घरं उघडी ठेवली असती.

तुमची ती एक वही आम्ही कधी पाहिलेली नाही. गावात किती जण पॉझिटिव्ह निघाले ते गावालाच कळत नाही, पण वर दिल्लीपर्यंत जातं.

आकडेमोड

शेवटची_बस, इतिहास 1965 ला थांबवलात ते सोयीचं आहे. 1976 ला रुग्ण 64 लाखांच्या वर गेले होते. तेच सरकार, तेच पंप. रोग संपला असं समजून लक्ष आणि पैसा काढून घेतला, डीडीटीला डास दाद देईनात. श्रीलंकेत 1963 ला फक्त 17 रुग्ण होते आणि त्याच दशकाच्या शेवटी साथ 5 लाखांवर गेली. पुढे 2016 ला तोच देश हिवतापमुक्त जाहीर झाला, तो पाळत न सोडल्यामुळे.

आणि समांतर दुकानं म्हणताय, तर ईशान्येत ग्लोबल फंड या आंतरराष्ट्रीय निधीच्या पैशात एक अनुदान सरकारी कार्यक्रमाला आणि दुसरं कॅरिटास इंडिया या संस्थेच्या समूहाला असंच होतं. दोघांनी मिळून काम करायचं हे कागदावर मान्य होतं. म्हणजे प्रश्न संस्था हवी की नको असा नाहीच, रोज सकाळी कोण कोणाला फोन करतं असा आहे.

ओडिशाचं 'दमन' हे हिवतापाचं अभियान बघा. 2017 ला सुरू झालं, सरकारने चालवलं, पण दुर्गम गावात शिबिर लावून सगळ्यांचं रक्त तपासलं, ताप असो नसो. 2016 ला राज्यात 4 लाखांहून जास्त रुग्ण होते, 2019 ला 40 हजारांच्या आसपास. कोविडनंतर तिथेही पुन्हा वाढले, हेही लिहितो, नाहीतर कोणीतरी येऊन शिकवेल.

जुना_एमपीडब्ल्यू

सगळे फवारणीवर तुटून पडतात. एमपीडब्ल्यू, म्हणजे बहुउद्देशीय आरोग्य कर्मचारी, म्हणून मी ती नोकरीभर केलीय. भिंतीवर शिक्का मारून निघालो की आठवड्यात घरधनीण त्यावर माती-शेणाचा हात फिरवते, सण आलाय म्हणून. औषध गेलं गिलाव्याखाली, डास बसतो वरच्या ताज्या मातीवर. दोष कोणाचा? कर्मचाऱ्याचा! मच्छरदाण्या वाटल्या तर त्यात मासे धरतात, धान झाकतात. लोकसहभाग लोकसहभाग म्हणताय तर लोकांनी थोडं ऐकायला नको का.

मोहफूल

लोकांनी ऐकायला नको का म्हणजे? सण कधी असतो ते तुम्हाला नोकरीभरात कळलं नाही? पोळ्याच्या आधी भिंती सारवतात हे लहान पोर सांगेल. सारवून झाल्यावर फवारा. आणि दाणीचं म्हणाल तर धान राखायला माणूस शेतातल्या माचीवर झोपतो, दाणी घरी खिळ्याला. माचीवर बांधायला जास्तीची दाणी द्या म्हटलं तर कुटुंबामागे ठरलेल्याच मिळतात. मासे धरतात ते फाटलेल्या दाणीने.

आशाताईची_लेक

संस्था, सरकार, ग्रामसभा सगळ्यांचं बोलून झालं असेल तर मला विचारायचंय की माझी आई यात कोण आहे? ती आशा आहे. बोट टोचून रक्ताची स्लाइड काढायची किंवा किट लावायचं, त्याचे 15 रुपये. किट लावलं की पंधरा-वीस मिनिटं तिथेच बसायचं, रेघ उमटेपर्यंत. पॉझिटिव्ह निघालं की गोळ्या, रोज पाठपुरावा, आणि रजिस्टर. शिवाय संस्थेचा फॉर्म वेगळा, शिवाय मोबाइलवर भरायचं. कामाच्या वेळी ती सरकारी, आदेश निघतात, मीटिंगला नाही गेली तर नोटीस. पगाराचं विचारलं की ती "स्वयंसेविका", समाजातली. तुमच्या "समन्वया"चा सगळा भार एका बाईच्या पिशवीत आहे.

शेवटची_बस

आशांबद्दल आदर आहेच, पण विषय मानधनाचा नाहीये. प्रत्येक धागा तिकडेच जातो.

आशाताईची_लेक

जातो कारण विषय तोच आहे! तुम्ही म्हणता वही एक हवी. ती वही लिहितं कोण? एकदा किट संपले होते, केंद्रातून उत्तर आलं वरून साठा नाही. आईने स्लाइड काढून पाठवली, रिपोर्ट आला तेव्हा तो माणूस खाटेवरून तालुक्याच्या दवाखान्यात गेलेला. फॅल्सिपेरम होता, जिवावर बेतणारा हिवताप. मेंदूपर्यंत चढायला दोन दिवस पुरतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. गावाने शिव्या कोणाला दिल्या? आईला. साठा संपवणारा साहेब गावाला दिसत नाही ना. आदर नको, किट द्या आणि वेळेवर पैसे द्या.

जुना_एमपीडब्ल्यू

पोरी, तुझ्या आईसारख्या बायांमुळेच कार्यक्रम तगलाय, हे मी मानतो. पण आमच्या जागा भरल्याच नाहीत हे कोण बोलणार? पंधरवड्याला घरभेट द्यायचा माणूस निवृत्त झाला की जागा रिकामी, आणि त्याचं काम आशाच्या डोक्यावर. सरकारने स्वस्तात सुटका करून घेतली.

आकडेमोड

हे मात्र बरोबर बोललात, पहिल्या पोस्टीतलं गावाला दोष देणं सोडून. यात खाजगी डॉक्टर राहिलेच. ताप आला की सुई, सलाइन, मलेरियाची गोळी अंदाजाने, तपासणी नाही, नोंद नाही. तो रुग्ण कोणाच्याच वहीत नाही.

शेवटची_बस

आकडेमोड, खाजगीवाल्यांवर नवा धागा काढा, इथे आणखी फाटे नकोत.

मोहफूल, तारखांचा मुद्दा घेतो. दिवाणखान्यात बसून लिहितोय असं समजू नका, संस्थेत असताना आम्हीही गावाला विचारलं नव्हतं, केंद्राने दिलेल्या तारखा तशाच गावाला कळवल्या एवढंच. पण ग्रामसभेकडे कार्यक्रम देणं मला अजूनही पटत नाही. एसीटीचा, म्हणजे फॅल्सिपेरमवरच्या गोळ्यांचा साठा, सूक्ष्मदर्शक तपासणारा तंत्रज्ञ, सीमेपलीकडच्या राज्यातून आलेल्या मजुराची माहिती, हे एक गाव सांभाळू शकत नाही. छत्तीसगडच्या बस्तरमध्ये 2020 पासून सरकारने घरोघर रक्त तपासलं तेव्हा लक्षणं नसलेलेच पॉझिटिव्ह जास्त निघाले, ते गावाला नुसतं बघून कळले नसते. डास सीमा पाळत नाही, ग्रामसभेची हद्द तर नाहीच नाही.

मोहफूल

कार्यक्रम मागितलाच कुठे, तुम्ही ज्याला उत्तर देताय त्याने मागितला असेल. आम्ही तारखा मागतोय आणि आकडे मागतोय. गाव आरोग्य समितीला वर्षाला 10 हजारांचा अबंध, म्हणजे गावाने गरजेप्रमाणे खर्चायचा, निधी येतो, त्यावर कोणाची सही चालते आणि त्यातून गावाने काय करावं हे दरवेळी वरून सांगितलं जातं. मे महिन्यात, पावसाच्या आधी, केंद्राचा डॉक्टर, आशा आणि गाव एकत्र बसा. गेल्या वर्षीचे रुग्ण कोणत्या टोल्यात, म्हणजे वस्तीत, निघाले ते वाचून दाखवा, मग फवारणीची तारीख, दाण्या आणि डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे कुठल्या बोडीत (तळ्यात) सोडायचे ते ठरवा. यात सरकारचं काय जातं?

आशाताईची_लेक

आणि त्याच बैठकीत किट किती शिल्लक आहेत ते सगळ्यांसमोर मोजा. संपले तर कोणाला फोन करायचा त्याचा नंबर भिंतीवर लिहा, आईचा नाही, साहेबाचा.

शेवटची_बस

नंबर लिहायला हरकत नाही. पण संस्थेचे फॉर्म बंद झाले तरच, एकच रजिस्टर. त्यावर मी हटणार नाही.

आशाताईची_लेक

ते तर आई कधीची म्हणतेय.