नाशिकरोडला ट्रेनिंगला निघालोय, रगड्याची, म्हणजे तिथल्या कडक कसरतीची, तयारी कशी करू?

दांडियाबाजारचा_मुलगा

नमस्कार. मी वडोदऱ्याचा, वय १९, आयटीआय फिटर. अग्निवीर म्हणून निवड झाली आहे. २४ दिवसांनी नाशिकरोडच्या तोफखाना केंद्रात हजर व्हायचंय. भरतीत १.६ किमी ५ मिनिटं २२ सेकंदांत मारले, बीमवर (आडव्या दांड्यावर) पुल-अप्स दहाच्या दहा. लहानपणापासून माणिकरावांच्या आखाड्यात मल्लखांब केलाय, त्यामुळे हात तयार होते.

भीती वेगळीच आहे. घरात मराठी, बाहेर गुजराती, हिंदीत अडखळतो. घर सोडून चार दिवसांच्या वर कधी राहिलेलो नाही, तेही आत्याकडे. अंडी चालतात, मटण नाही. आई रात्री उठून माझ्या उशाशी येऊन बसते. बाबा काही बोलत नाहीत, पण परवा त्यांनी माळ्यावरची जुनी लोखंडी पेटी काढली आणि गंज घासत बसले.

सध्या रोज ६-७ किमी पळतो. पावसाने नवलखी मैदानात चिखल झालाय, म्हणून डांबरी रस्त्यावर. डाव्या नडगीत जरा दुखतं, पण ते चालायचंच. रगड्यासाठी अजून काय करू?

जुना_तोपची

बाळा, मनापासून अभिनंदन. मी तोफखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालो. तुझं सगळं वाचलं, पण 'नडगीत जरा दुखतं' इथे थांबलो. आधी तेच बोलतो.

१९९९ च्या डिसेंबरात मी त्याच केंद्रात रंगरूट म्हणून गेलो. आठव्या आठवड्यात उजवी नडगी धरली. एमआय रूमला, म्हणजे केंद्राच्या दवाखान्यात, गेलो तर बॅच सुटेल, या धास्तीने दोन आठवडे कुणाला सांगितलं नाही. रात्री मच्छरदाणीत बसून क्रेप बँडेज गुंडाळायचो आणि पहाटे उस्ताद (प्रशिक्षक) यायच्या आत मोजा वर ओढायचो. एका सकाळी पाच किलोमीटरच्या दौडीत शेवटच्या वळणावर पाय टेकला आणि खाली बसलो. पुन्हा उठता आलं नाही. हाडाला बारीक तडा गेला होता. देवळालीच्या मिलिटरी हॉस्पिटलात प्लास्टर, मग रेलिगेट, म्हणजे मागून येणाऱ्या बॅचमध्ये टाकलं. ज्या पोरांशेजारी झोपलो, त्यांची कसम परेड, म्हणजे ट्रेनिंग संपल्यावरची शपथेची परेड, मी बैरकीच्या व्हरांड्यात स्टुलावर बसून ऐकली. मैदान दिसत नव्हतं. 'सावधान' कानावर आलं की प्लास्टर नसलेल्या पायाची टाच आपोआप जमिनीवर पडायची.

म्हणून आज रात्री एवढं कर. नडगीच्या हाडावर अंगठा दाबत वरून खाली ने. दुखणं लांबवर पसरलेलं असेल, पळायला लागल्यावर अंग गरम झालं की कमी होत असेल, तर बहुतेक नुसती सूज असते आणि विश्रांतीने बसते. पण रुपयाएवढ्या एकाच जागी कळ येत असेल, त्या पायावर उडी मारवत नसेल किंवा झोपेतही ठणकत असेल, तर उद्याच हाडांच्या डॉक्टरांकडे जा. असा तडा सुरुवातीला एक्स-रेत पुष्कळदा दिसत नाही, तेव्हा एक्स-रे चांगला आला म्हणून लगेच पळायला सुरुवात करू नको. डांबरावरचं पळणं आजपासून बंद. दम टिकवायला पोहणं पुरे. तीन आठवड्यांत तुझी दौड कुठे जात नाही.

आता रगडा. तो घरी करून कुणी जात नाही. अंगाला सवय होते, झोपेला मात्र वेळ लागतो. पहाटे चारला नळावर मगांचा खणखणाट सुरू होतो, डिसेंबरात नाशिकचं पाणी हाडात शिरतं. आतापासून नऊला झोप आणि चारला ऊठ, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेव. एकाची पेटी उघडी राहिली तर सगळ्या स्क्वॉडला फ्रंट रोल, म्हणजे कोलांट्यांची शिक्षा. पहिला महिनाभर मी त्या एकावर चिडायचो. पुढे दिवे जायच्या आधी आम्ही एकमेकांची कुलपं ओढून बघू लागलो. हे कशासाठी ते तोफेवर गेल्यावर कळलं. बोफोर्सचा गोळा ४० किलोच्या वर, आणि तोफ कधीच एकट्याच्या हाताने चालत नाही.

हिंदीचं मनावर घेऊ नको. फॉल-इन (रांगेत उभं राहणं), लंगर (जेवणघर), फटीग (साफसफाईसारखी कामं), 'जी उस्ताद' यावर पहिले दिवस निघतात. माझ्या शेजारच्या केरळच्या मुलाला 'पानी' एवढंच येत होतं, दोन महिन्यांनी तो रात्री गावच्या गोष्टी सांगायचा. मटण न खाणारे बरेच असतात, उपाशी कुणी राहत नाही. मोजे मात्र रोज धू, आणि ओला मोजा बुटात कधीही घालू नको.

मांजलपूरची_आई

माझा मुलगा खडकीला बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर दलात, ट्रेनिंगला आहे. दोन गोष्टी सांगते. तिकडे फोन जमा करून घेतात, म्हणून घरचे नंबर पाठ कर आणि कागदावरही लिही. दुसरं, गुजरात बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी आणि आधारवर शेवटी, असं आपल्याकडे फार घरांत असतं. आमची त्यावरून खूप धावपळ झाली. सगळे कागद आजच शेजारी शेजारी ठेवून बघ.

आणि आईला सांग, पहिला फोन दोन मिनिटांचाच येईल. माझा मुलगा 'जेवलो' एवढंच म्हणाला होता. तेवढ्यावर मी त्या रात्री नीट झोपले.

सुट्टीवर_आलेला

पगाराचं कुणी बोललं नाही. पहिल्या वर्षी महिना ३०,०००, त्यातले ९,००० सेवा निधीत (चार वर्षांनी एकत्र मिळणाऱ्या रकमेत) कापतात आणि २१,००० हातात येतात. ट्रेनिंग ३१ आठवड्यांचं, ते अग्निवीराच्या चार वर्षांच्या नोकरीतच धरतात. पुढे कायम करतात ते २५ टक्क्यांपर्यंतच, म्हणून कुठलीही टेस्ट हलकी घेऊ नको. बाकी काकांनी पायाचं सांगितलं ते शंभर टक्के ऐक.

दांडियाबाजारचा_मुलगा

काका, अंगठा दाबून बघितला. एकाच जागी आहे, घोट्याच्या वर चार बोटं. उडी मारता आली नाही. रात्री बाबांना सांगितलं. सकाळी ते दुकान बंद ठेवून माझ्याबरोबर आले. डॉक्टरांनी एमआरआय सांगितलाय, उद्या ११ वाजता. तडा निघालाच तर काय करायचं? हजर व्हायची तारीख पुढे मिळते का?

जुना_तोपची

रिपोर्ट हातात आला की मूळ कागदासह अहमदाबादच्या भरती कार्यालयात समक्ष जायचं. फोनवर विचारत बसू नको आणि कुणा एजंटाच्या नादी लागू नको. मी निजामपुऱ्यात राहतो, बाबांना म्हणावं मीही बरोबर येतो. उद्या एमआरआय झाला की इथे लिही. आणि जिना चढताना कठडा धर.