समुद्रावरचा मिथेनही दिसतो, कोन जुळावा लागतो
'समुद्रावरची मिथेनगळती उपग्रहाला दिसूच शकत नाही' असं म्हटलं जातं, ते पूर्ण खरं नाही. अडचण पाण्याची आहे. ज्या अवरक्त पट्ट्यात मिथेन ओळखू येतो, तिथला प्रकाश पाणी जवळपास सगळा शोषून घेतं, त्यामुळे समुद्र काळा दिसतो. पण ऊन लाटांवरून परावर्तित होऊन थेट उपग्रहाकडे येईल असा कोन साधला, की त्या चकाकत्या भागात वायूचा लोट उठून दिसतो.

मेक्सिकोच्या आखातातलं कू-मालूब-झाप तेलक्षेत्र बघा. डिसेंबर 2021 मध्ये तिथल्या फ्लेअरची (नको असलेला वायू जाळून टाकणाऱ्या मशालीची) ज्योत विझलेली होती आणि वायू न जळता तसाच हवेत जात होता. स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाच्या संशोधकांनी वर्ल्डव्ह्यू-3 आणि लँडसॅट 8 या उपग्रहांच्या प्रतिमांवरून हिशेब मांडला: 17 दिवसांत सुमारे 40,000 टन मिथेन! 20 वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या 80 पट तापवतो, म्हणून हा आकडा मला फार अस्वस्थ करतो.

आपल्या मुंबई हायवर तर पावसाळ्यात महिनोन्‌महिने ढग असतात, आणि ढगांतून या उपग्रहांना काही दिसत नाही. तिथे प्लॅटफॉर्मवरच सतत मोजणी हवी, आणि ते आकडे सगळ्यांना बघता यायला हवेत.